भिंतीतलं दार

मंगळवार, दिवेलागण

थकले आज. सासऱ्यांशी पहिल्यांदाच भांडले. आमच्या आणि शेजारच्या जुबेदाआपांच्या घरांमधल्या भिंतीतलं छोटं दार बुजवायला मामंजींनी गवंडी बोलावला होता. पोलिस ॲक्शनच्या दिवसांत आपांची लेकरं जिवाच्या भीतीनं याच दारानं येऊन आमच्याकडं झोपली, ते विसरले का? संध्याकाळी पलीकडं ताटं वाजली की मामंजी उठून बाहेर जातात. शेजारच खुपतो, दुसरं काय, असंच मला वाटायचं.

गवंड्याला मी परत पाठवलं. चहा दिला तेव्हा मामंजी आपणहून बोलले, मोठ्या लढाईतलं, पलटणीत असतानाचं, इटलीतलं.

"रस्त्यावर पाय टाकला की माणूस मरायचा. मंग आम्ही भिंती फोडत या घरातून त्या घरात गेलो. शहर पडलं, अन् तिथून लढाई आमच्या बाजूनं फिरली. साहेब लई खूश."

"भिंतीपलीकडं कोण असायचं?"

"दुश्मन. एकदा नव्हता. एक बाई लेकरांची ताटं मांडत होती."

तेवढ्यात आपांकडं ताटं वाजली. मामंजी उठून अंगणात गेले.

मी भिंतीतलं दार लोटून घेतलं, आवाज न करता.