खळ्यावरचा पिवळा पाहुणा

२० फेब्रुवारी
नवा पाहुणा! खळ्यावर हळद वाळत घातलीय, तिथल्या काळ्या दगडावर चिमणीएवढा एक पक्षी. अंग मातीच्या रंगाचं, गळा काळाभोर, शेपटी काळी. टुणकन खाली उतरतो, मुंगी टिपतो, परत त्याच दगडावर! बसला की शेपटी खालीवर. हे म्हणाले, "चिमणी हाय ती. तू हळद हलव." जन्मभर वसमत डेपोत कंडक्टरकी केली मी, भरल्या गाडीत बिनतिकिटाचा माणूस तोंडावरून ओळखायची. आणि मला चिमणी कळत नाही!

२१ फेब्रुवारी
प्रमोदला फोटो पाठवला. माझा लेक. ऑक्टोबरात जैसलमेरकडे सोलरच्या प्लांटवर नोकरीला गेला, तेव्हापासून बापलेकांचा एक शब्द नाही. "शेती कोण करील? जा, वाळू खा!" — हे यांचं शेवटचं बोलणं. तो पण यांचंच रक्त. "खातो!" म्हणाला आणि गेला. मधल्या मधे निरोप पोचवून माझा जीव आंबला.

लगेच उत्तर आलं. "आई, हा तर रणगोजा! वाळवंटातला पक्षी. आमच्या इथं कुंपणाच्या तारेवर असतो. हिवाळ्यापुरता येतो, ऊन तापलं की उत्तरेकडं जातो. शेपटी मुळापासून काळी आहे का बघ."

बघितली. बराबर मुळापासून काळी!

२२ फेब्रुवारी
एकलकोंडा आहे. एक गप्पीदास पक्षी येऊन नुसता बांधावर टेकला तर त्याला पार विहिरीपर्यंत पळवलं. जागा सगळी याची! मला आमच्या घरातलंच कोणीतरी आठवलं. नाव लिहीत नाही.

२५ फेब्रुवारी
कालपासून शेजारच्या संतरामभाऊचा पॉलिशचा ड्रम लावलाय. वाळलेली हळद आत घालायची आणि फिरवायची, साल निघते. दिवसभर घडघड, नाकातोंडात धूळ. तेवढ्यात हे पळत आले. पायात चप्पल पण नाही.

"तुझ्या पक्ष्याचं पोट पिवळं हाय!"

"मातकट आहे. मी चार दिवस बघून राहिले."

"तुझा नंबर वाढला. चष्मा बदल."

जाऊन बघते तर खरंच पिवळं! मी चष्मा पुसला. पण मनात म्हणलं, करुणा, यांना पक्षी दिसला! ऑक्टोबरपासून हा माणूस हळद आणि झोपायची बाज सोडून कुठं बघत नव्हता.

२६ फेब्रुवारी
प्रमोद म्हणतो रणगोजा पिवळा नसतोच, फोटोचा रंग बिघडला असेल. फोन स्पीकरवर होता. हे बाजेवरून मला म्हणतात, "सांग त्याला, मोबाईल न्हाई बिघडला, त्याचं डोकं बिघडलं!" तिकडून प्रमोद, "आई, पप्पांना सांग, पुस्तकात बघा." दोघांनाही सगळं ऐकू येतंय आणि दोघंही मलाच सांगून राहिले! पण भांडू द्या. भांडता भांडता एकदा सरळ बोलले की मी सुटले. पक्ष्या बाबा, एवढं होईपर्यंत जाऊ नकोस!

२८ फेब्रुवारी
यांनी गावभर सांगितलं — "असा पक्षी जगात कुठं न्हाई, फक्त आमच्या खळ्यावर." लोक येतात, मी चहा करते. हे दगडापाशी ड्रमजवळ दिवसभर मांडी घालून. कुत्रं आलं तर हाकलतात. संतरामभाऊ म्हणे, "वहिनी, भाऊ अंडी घालतेत का काय?"

२ मार्च
आज वाटोळं झालं.

व्हिडिओ कॉल लावला, पक्षी दाखवायला. मुद्दाम यांच्याकडे मोबाईल वळवला. हे तोंड फिरवायच्या आत प्रमोद ओरडला, "पप्पा, तुमची मिशी पण पिवळीजर्द झाली! तुमी पण नवीन पक्षी का?"

यांनी मिशीवरून हात फिरवला, हात बघितला. मग ड्रम बघितला. वारा ड्रमकडून दगडाकडे. दगड पिवळा, पक्षी पिवळा, माझं लुगडं पिवळं, शेजारी बांधलेली शेळी पिवळी! संतरामभाऊ पोट धरून खाली बसला. मी हसले. नको होतं हसायला.

"बंद कर तो फोन." एवढंच म्हणाले. जेवले नाहीत.

पाच महिन्यांनी पोरगं सरळ "पप्पा" म्हणालं होतं. आणि ते पण असं.

७ मार्च
पॉलिश संपलं, ड्रम गेला. पक्षी पुन्हा मातीच्या रंगाचा. यांनी बघितला.  ताडपत्रीवर ठेवायला संतरामभाऊ तो काळा दगड उचलायला लागला तर म्हणाले, "त्येला हात लावू नको."

१२ मार्च
दगड रिकामा.

१३ मार्च
आजही नाही. ऊन कडक तापलं. हे सकाळपासून तिथंच उभे, डोक्याला टॉवेल बांधून. मग मला म्हणाले, "उत्तरेकडं म्हंजे कुठं जातो तो? इचार त्याला."

माझं डोकंच फिरलं. "तुमीच इचारा! मी डेपोतून रिटायर झाले, या निरोपातून पण झाले!" मोबाईल बाजेवर आपटला आणि भाकरी थापायला गेले. बाहेर आवाज नाही. रडू आलं, धुराचं नाव केलं. पक्षी गेला, काम तसंच राहिलं.

१८ मार्च
संध्याकाळी यांनी पुढ्यात तिकिटं टाकली. रेल्वेची, जैसलमेरची, दोघांची! म्हणतात, "रणगोजा त्याच्या मुलखात कसा राहतो ते बघायचंय. पक्ष्यासाठी चाललो, उगं दुसरं काही समजू नको."

मी आत जाऊन प्रमोदला फोन केला. तो म्हणतो, "पण आई, इथले पण सगळे रणगोजे गेले की. पप्पांना मी तवाच सांगितलं."

"तवाच? कवा?"

"तू भाकऱ्या करत होतीस तवा. रोज करतात ना फोन, विहिरीकडून."

बाहेर आले. हे बॅगेत हळदीची पुडी कोंबून राहिले होते.  मी तोंडानंच गाडी सोडायची डबल बेल दिली — टिंग टिंग!