शेजारची उशी

३ नोव्हेंबर, सोमवार

बीदरला आलो एकदाचे! भालकीला बस बदलताना मायने पितळी घागर सोडायला साफ नकार दिला. कंडक्टर कन्नडमधून आणि माय मराठीतून अशी दोघांची मनसोक्त जुंपली; दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं, म्हणूनच भांडण इतकं रंगलं. घागर आली. खोली लहान, पण उजेडाची. हवाई दलाची विमानं डोक्यावरून घरघरत जातात आणि दर वेळी माय डोक्यावर पदर सारखा करते, सासरची माणसं दारात आल्यासारखा.

मला इथल्या एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम मिळालं आहे. सकाळी सहाला हजर, दुपारी सुट्टी. घरी येऊन जेवायचं आणि ताणून द्यायची. पलंग एकच, उशा दोन. वयाची तिशी आली तरी मी मायच्या शेजारीच झोपते, हसणाऱ्यांनी हसावं. अप्पा मी पोटात असतानाच गेले. दुसऱ्यांच्या रानात तूर कापून तिने मला शिकवलं. मला या जगात तिच्याशिवाय कुणी नाही. तिला हे तोंडावर सांगितलं तर म्हणेल, येडी झालीस का.

८ नोव्हेंबर, शनिवार

मायने शेवटी मला सोनाराकडे नेलंच. नोकरी तात्पुरती, सरकारी भरतीच्या यादीत नाव खाली कुठेतरी लोंबकळतंय, आणि भालकीच्या नागेशच्या घरचे मला बघून गेले ते गेलेच. मायच्या मते याला एकच जबाबदार, माझी साडेसाती. आणि तिच्यावर उपाय एकच, नीलम. मी दिवसभर सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसणारी; शनी काही मला त्यात दिसला नाही. पण मायचा हट्ट म्हणजे हट्ट.

चौबाऱ्याच्या जुन्या बुरुजाजवळ वीरण्णांचं दुकान. म्हातारा गोड आहे. चांदीची नक्षी असलेल्या काळ्या बिदरी डबीतून कापसात ठेवलेले तीन खडे काढले आणि आम्हाला दुकानाबाहेर काढलं. "ट्यूबलाईटखाली काच बी नीलम दिसतंय अक्का, उन्हात चला." पहिला खडा इतका गडद की शाईचा थेंबच. दुसरा अगदी स्वच्छ. हा भट्टीत तापवून रंग आणलेला आहे, असं त्यांनीच सांगून टाकलं. तिसरा गोकर्णीच्या फुलाच्या रंगाचा, सव्वापाच रत्तीचा. भिंगातून पाहिलं तर आत बारीक पांढरे धागे. त्याला रेशीम म्हणतात, अस्सल असल्याची खूण. मायने तरी दुधाची वाटी मागवली. नीलम टाकला की दूध निळसर दिसतं म्हणे. स्टीलच्या वाटीत कुठलंही दूध निळसर दिसेल, पण मी गप्प बसले, कारण तोवर तो तिसरा खडा मलाच आवडला होता.

नीलम सगळ्यांना मानवत नाही. म्हणून विकत घेण्याआधी निळ्या कापडात बांधून तीन रात्री उशीखाली ठेवायचा. वाईट स्वप्न पडलं, पाय मुरगळला, भांडं फुटलं, तर वीरण्णा काही न विचारता परत घेतात.

११ नोव्हेंबर

वीरण्णांनी मला डॉक्टरसारखं तपासलं. झोप लागली का, स्वप्नं कसली, पोट ठीक, कुणाशी भांडण? मी म्हटलं, एवढी झोपले की सकाळी माय हलवत होती तरी कळलं नाही. मायने घाईघाईने सांगून टाकलं, "मानवलाय तिला. बसवा."

चांदीत बसवणार, खालून उघडा, म्हणजे खडा बोटाला टेकेल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अंगठी डाव्या हाताच्या मधल्या बोटात गेली. मायने स्वतः घातली. घालताना माझं बोट हलकेच दाबलं, लहानपणी बांगड्या भरताना दाबायची तसं. सुंदर दिसते. शनीने काही केलं नाही तरी चालेल.

२४ नोव्हेंबर

लॅबने कायम केलं! आणि संध्याकाळी नागेशच्या घरून होकार आला. हसावं की रडावं कळेना. मायने शेवयाची खीर केली, पण त्यात मीठ पडलं होतं. तिने वाटीभर खाल्ली आणि चांगली झाली म्हणाली. मी चिडवलं. मग विचारल्यावर कबूल केलं, चव कळंना झालीय, आठवडा झाला.

२ डिसेंबर

मायच्या हातातून बांगड्या आपोआप उतरतात. पायाला चिमटा काढला तरी कळत नाही. मी स्वतः तिचं रक्त काढलं, सगळ्या तपासण्या केल्या, दोनदा केल्या. प्रत्येक आकडा नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. बावन्न वर्षांचं कसलं वय?

माझा जुना खोकला मात्र गेला. चेहरा उजळलाय, असं लॅबमध्ये सगळ्या म्हणतात. मला लाज वाटली.

९ डिसेंबर

सरकारी यादीत नाव वर आलं. धावत घरी आले. मायने दाराकडे तोंड केलं आणि विचारलं, कोण?

तिला दिसत नाही. सकाळी दिसत होतं.

मी मूर्ख नाही. माझं एक चांगलं झालं की तिचं एक जातं. अंगठी काढली, पिठाच्या डब्यात खोल दाबली. विज्ञान गेलं खड्ड्यात.

१० डिसेंबर

दुपारी झोपून उठले. अंगठी बोटात. नखात पीठ नव्हतं.

मी काढली नव्हती का? काढली होती. पीठ अंगठीवर होतं, माझ्या हाताला नव्हतं.

१२ डिसेंबर

पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवली, कपड्यांच्या तळाशी. जागी झाले तर पुन्हा बोटात. ओरडले. खडा थंड असतो, आता गरम लागतो, पोट भरल्यासारखा. माय चाचपडत आली, डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, "घाबरू नको. राहू दे की बोटात."

तिचा आवाज फार बारीक झालाय. मला भीती वाटते. स्वतःच्या हाताची.

१४ डिसेंबर, रविवार

दुपारी झोपेचं सोंग केलं.

मायच होती.

पलंगावरून उतरली, पाय चालत नाहीत म्हणून जमिनीवर सरकत गेली. ट्रंक उघडली. एकेक कपडा काढून चाचपत राहिली, थांबून दम घेत. मग माझा हात शोधला, अंगठी घातली, बोट हलकेच दाबलं. हसत होती.

मी उठून तिला धरलं. दोघी रडलो. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्या तीन रात्री स्वप्न तिला पडलं होतं. कुणीतरी तिला हाताला धरून दाराबाहेर नेतंय आणि मी आत नव्या साडीत उभी आहे. तिने सांगितलं नाही, खडा परत जाईल म्हणून. मी विचारलं, कामून केलंस माय? म्हणाली, "तुझं चांगलं व्हायलंय न्हवं. मला काय करायचंय डोळ्याचं?"

शेजारच्या उशीचं कुणी विचारलंच नाही. वीरण्णांनी नाही, मीही नाही.

१५ डिसेंबर

अंगठी वीरण्णांना परत दिली. सगळं सांगितलं. त्यांनी ती कापसात गुंडाळली. डबीत ठेवली, तिजोरी लावली. चूक आपली आहे, घरात कोण कोण निजतं ते विचारायला हवं होतं, म्हणाले.

घरी आले. मायने माझं रिकामं बोट चाचपलं. तोंड फिरवून झोपली. रागावली आहे माझ्यावर.

१९ डिसेंबर

माय गेली.

२० डिसेंबर

गावी नेली. आमच्यात पुरतात. मी मूठमाती दिली. परत आले. तिच्या उशीला तिच्या तेलाचा वास आहे.

२७ डिसेंबर

दुपारी उठले —

अंगठी बोटात आहे.

वीरण्णांना फोन केला. तिजोरी बंद होती. डबीही बंद होती. आत नुसता कापूस.

२८ डिसेंबर

नागेशला नाही म्हणून कळवलं. चांगला मुलगा आहे. माझ्या शेजारी कुणीही झोपता कामा नये.

अंगठी मांजरा नदीत टाकली, पुलावरून. पाण्यात पडलेली पाहिली.

२९ डिसेंबर

बोटात. ओली. आणि अंगठीवर गाळ नाही — काळी माती आहे. आमच्या गावची. मूठभर मीच टाकली होती ती.

३१ डिसेंबर

आज झोपले नव्हते. अंगठी ट्रंकेत ठेवून डोळे मिटून पडले होते. शेजारी पलंग खचला. बर्फासारखा हात. चाचपत, कोपरापासून खाली, बोटापर्यंत. घाईने नाही. अंगठी सरकली आणि मग —

बोट हलकेच दाबलं.

डोळे उघडले तर कुणी नाही. मी ओरडले नाही. मी म्हटलं, थांब ना ग.

२ जानेवारी

भाताला चव नाही. लॅबमध्ये सुई बोटात घुसली, कळली नाही. खड्याला खायला कुणीतरी लागतं ना — आता मीच आहे.

अंगठी बोटातच ठेवली की माय येत नाही. दोन दिवस आली नाही. सहन होत नाही.

म्हणून आजपासून मीच काढणार. रोज. दूर ठेवणार. खडा नको आहे मला. पण खडा घेऊनच ती येते —

४ जानेवारी

अक्षरं धूसर. दुपार असावी, ऊन गालावर आहे. अंगठी परसात पुरली सकाळी. उजव्या हाताने लिहितेय. डावा तिच्या उशीवर पसरून ठेवलाय, बोटं उघडी.

डोळे मिटायची गरज राहिली नाही आता.

पलंग खचला. माय, तुला सांगायचं होतं, मला तुझ्याशिवाय कुणी — हात आला. कोपर. मनगट. आज जोरात धरलंय. अंगठी नाही तिच्या हातात. नुसतीच धरून ओढायलीय, दाराकडे, मी येते ग, थांब, एवढं लिहून