दारातला माझा चेहरा

दादा,

पुढच्या आठवड्यात तुझं वर्षश्राद्ध. त्या दिवशी अण्णांना तू बनवलेल्या गाडीत बसून पाटाच्या कडेनं एक चक्कर मारायची आहे. तू गेलास तेव्हा फक्त आतलं काम राहिलं होतं: डॅशबोर्ड आणि बाजूच्या पट्ट्या. वहिनी कारागीर बोलावणार होती. मी म्हणालो, मी बसवतो. का म्हणालो, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

मला तुझा हेवा वाटायचा. अजून वाटतो.

राहात्यापासून श्रीरामपूरपर्यंत लोक माझं भाषण उभं राहून ऐकतात. पाण्याच्या हक्कावर बोललो तेव्हा व्यासपीठावरचे पुढारीच घाम पुसत होते. आणि अण्णा, आपले वडील? समोरच्या खुर्चीत एकदाही दिसले नाहीत. ते तुझ्या शेडमध्ये, तू पत्र्याला कानस मारताना बघत बसलेले! भंगारातल्या त्या जीपच्या सांगाड्यात असं काय होतं, जे माझ्या शब्दांत नव्हतं?

म्हणून तुझे पाने-पक्कड हातात घेतले. अण्णांनी माझ्याकडेही तसं बघावं, एवढंच हवं होतं.

पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या सोप्या वाटल्या, त्या आधी ठोकल्या. मग तुझा रेक्झिन चढवलेला डॅशबोर्ड उचलला. आडवा धरला, तिरका धरला, आत जाईना. जोर लावला, तर कोपऱ्यावरचं रेक्झिन फाटलं. अण्णा खुर्चीतून बघत होते.

"आधी डॅशबोर्ड बसतो," ते म्हणाले. "मग पट्ट्या. थोरल्यानं धा येळा सांगितलं हुतं."

"कुणाला?"

"मला."

तुला माणूस मिळाला तोही असा, दादा, की जो तुझ्या मागं तुझं काम सांगत बसतो. माझं एक वाक्य कुणी असं जपलंय का?

पट्ट्या काढल्या. डॅशबोर्ड मुकाट बसला. मग दारातल्या स्पीकरपर्यंत वायर न्यायची, म्हणून तू बसवलेलं दाराचं पॅनेल उघडलं. पावसाचं पाणी आत झिरपू नये म्हणून तू मागं जुना फ्लेक्स चिकटवला होतास. माझ्याच सभेचा फ्लेक्स! बोट उगारलेला मी, आणि स्पीकरचं भोक नेमकं माझ्या तोंडाच्या जागी.

मी पेटलो. इतकी वर्षं घसा फोडला, त्याची ही किंमत केलीस? अण्णांना तेच म्हणालो. ते हसायला लागले.

"मुद्दाम कापलंय त्यानं. म्हनला, भाषन लावलं की त्याच्याच तोंडातून यील."

"कसलं भाषण?"

"त्याच्या मोबाईलात हायती की समदी. तो काम करायचा, मी ऐकायचो. गर्दीत माझा जीव घाबरा हुतो, तुला ठावं न्हाई व्हय?"

नव्हतं ठाऊक. हजारांना प्रश्न विचारत फिरलो, घरात हा एक विचारला नाही.

वहिनीकडून तुझा मोबाईल आणला. माझा आवाज लांबून येतो, मंडपाच्या अगदी मागून. आणि एका ठिकाणी, माझ्या आवाजाच्या वर, अगदी जवळून तुझा: "सरका की जरा. भाऊ हाय माझा."

म्हणजे तू येत होतास! मग पुढे का नाही आलास? मला का नाही सांगितलंस? माझी भाषणंसुद्धा तुम्ही दोघांनी माझ्याशिवाय वाटून घेतलीत. तू गाडी बनवलीस याचं मला एवढं लागत नाही. त्या शेडमध्ये तिसरी खुर्ची का नव्हती, हे लागतं. पण खरं सांगू? तू बोलावलं असतंस, तरी मी म्हणालो असतो, आज सभा आहे.

पॅनेल परत बसवलंय. फ्लेक्स तसाच आहे, भोकासकट. फाटलेला कोपरा मी झाकला नाही. अण्णांचा हात तिथंच पडेल, तेवढं काम माझं म्हणून राहू दे.

त्या दिवशी त्यांना शेजारी बसवीन, गाडी पाटाच्या कडेनं हळू नेईन आणि तुझा आवाज असलेलं ते भाषण लावीन. ते माझ्या आवाजाला हसतात की तुझ्या, हे मला बघायचंय. तुझ्याच आवाजाला हसतील. मी जळेन, दादा. पण शब्द देतो, त्या वेळी मी मध्ये बोलणार नाही.

तुझा धाकटा,
अशोक