चार जुड्या पालक आणि खालचा कप्पा

तीर्थरूप वन्संना साष्टांग नमस्कार.

सोमवारी घरात आलं ते असं: पालक चार जुड्या, दहाला एक, कोथिंबीर फुकट (भाजीवाल्याने आपणहून दिली नाही, मी उभी राहिले). आधी तुमचे गुडघे कसे आहेत ते विचारायला हवं होतं. जिना चढू देतात ना? तुमच्या भावांचा खोकला गेला, आता सवय म्हणून खोकतात तेवढंच.

तर पालक. माझी रीत तुम्हांला ठाऊक आहेच. पिवळी पानं काढायची, बाकीची धुऊन पंख्याखाली जुन्या चादरीवर पसरायची आणि जपाच्या तीन माळा होईपर्यंत हात लावायचा नाही. पान असं कोरडं होतं की बोटाला थेंब लागत नाही. मग फडक्यात सैल गुंडाळून डब्यात. आठ दिवस बघायला नको, शिवाय देवाचं नाव झालं ते वेगळंच.

सूनबाई म्हणते, "आई, धुवायचाच कशाला? तसाच कागदात ठेवा, लागेल तेव्हा धुवा." (म्हणजे फ्रीजमध्ये माती पोसायची!) मी मॅट्रिकला शास्त्र घेतलं होतं, ऐकून घेईन होय? पैज लागली. दोन जुड्या तिच्या, दोन माझ्या. ज्याचा पालक टिकेल, फ्रीजचा खालचा कप्पा त्याचा. वन्सं, कप्पा लहान दिसतो, पण आठवडाभर काय शिजणार ते तिथेच ठरतं. तो गेला की मी माझ्याच स्वयंपाकघरात पाहुणी.

पाच दिवस पालकाला कुणी शिवायचं नाही असं ठरलं. तुमचे भाऊ रोज बटाटा खात होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "भाजी आणलीय की मुद्देमाल?"

शनिवारी डबे उघडले. तिचा पालक ताठ. माझ्या पालकाबद्दल लिहीत नाही, तुम्हांलाही नाक आहे. सूनबाईने फक्त खिडकी उघडली.

मी तिथल्या तिथे सांगितलं की दोष रीतीचा नाही, यंदाचा पालकच पाणचट. निकाल महिनाअखेरपर्यंत तहकूब झाला आहे. रीत अचूक आहे, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

तुमची भावजय

ता. क. तुम्हांला म्हणून सांगते. पहिली माळ झाली आणि दूध वर आलं. उठले, परत बसले, आणि तिसरी चालू आहे असं धरून चालले. पालक ओलाच गुंडाळला गेला. देवापाशी कबूल केलंय. पण घरभर ऐकू जाईल असा जप करणारी बाई मी, सुनेला कुठल्या तोंडाने सांगू की माळ चुकली?

आणखी एक. सूनबाई तुमचा शब्द खाली पडू देत नाही. यंदा पालक टिकत नाही, असं दोन ओळींत लिहा. खोटं मात्र मुळीच लिहू नका, पाप मला लागेल. एक जुडी (लहानशी बघून घ्या) ओलीच गुंडाळून ठेवा आणि चार दिवसांनी डोळ्यांना दिसेल तेवढंच उलट टपाली कळवा.