जूनबेरीच्या कमरेतली गाठ

प्रिय लिओटा,

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: तुझे हात बोथट झालेले नाहीत. तू हसशील, कारण मी तोंड उघडले की ‘बसली कोर्टात’ म्हणून तू मला आजवर चिडवत आलीस. हसून घे, पण एव्हान्सव्हिलला बहिणीच्या फुलांच्या दुकानात रुजू होण्याआधी माझा युक्तिवाद शेवटपर्यंत वाच. इंडियानातही चांगली माणसे राहतात, हे मला मान्य आहे. मात्र जिचा हात मानेवर पडताच आडमुठा घोडासुद्धा डोके खाली सोडतो, तिने कार्नेशनच्या जुड्या बांधत बसावे, हे तर्काच्या कोणत्याच नियमात बसत नाही.

आधी निर्विवाद तेवढे मांडते. ओरिन मॅटिंगलीची घोडी जूनबेरी वसंतात अडथळ्यावरून सरळ उतरेनाशी झाली. ओरिनने तुला बोलावले. तू तिची मान, खांदे, पुठ्ठे चोळून मोकळे केलेस. डाव्या कमरेतल्या स्नायूच्या गाठीला मात्र हात लावला नाहीस, आणि उड्या सुरू करण्याआधी डॉक्टरला मागचा डावा पाय दाखव, असे त्याला बजावलेस. घोडा आडवा पडल्याशिवाय डॉक्टर बोलवायचा नाही, हे ओरिनच्या घराण्याचे पिढीजात तत्त्व. त्याने डॉक्टरऐवजी मला बोलावले. फाटकातच म्हणाला, “मिस वर्ना, लिओटा गुणाची आहे हो, तिच्या हातचं मक्याचं पुडिंग माझी आई मिटक्या मारत खाते. पण ही गाठ माझ्या राकट बोटांना लागते नि तिच्या बोटांना लागत नाही, याला काय म्हणायचं?” मी हात ठेवला. अक्रोडाएवढी गाठ होती. मी म्हणाले, “राहून गेली असेल, ओरिन. वय होतंच आपल्या सगळ्यांचं.” या ‘आपल्या सगळ्यांचं’मध्ये मी स्वतःलाही धरले, म्हणजे मोठीच शालीनता दाखवली, असे मला तेव्हा वाटले होते.

मग मी ती गाठ सोडवली. सावकाश, नीट, तू पाहिले असतेस तर तुलाही आवडले असते अशी. जूनबेरीने ओठ चाटले, तोंड चघळल्यासारखे हलवले आणि मोठी जांभई दिली. घोड्यांचे अंग चोळण्याच्या आपल्या धंद्यातला प्रत्येक जण या जांभईवर जगतो. घोड्याने जांभई दिली की निकाल आपल्या बाजूने लागला. (तू एकदा म्हणाली होतीस, “अगं, त्याला झोप आली होती, तुझं व्याख्यान चालू होतं ना!”) त्यानंतर काही दिवस घोडी इतकी सरळ उतरू लागली की ओरिनने पेंडीच्या दुकानात उभे राहून साऱ्या परगण्याला ते ऐकवले. एकेका तबेल्याने तुला बोलावणे बंद केले.

तेव्हा तू माझ्या ओसरीवर आलीस. बसली नाहीस. म्हणालीस, “ती गाठ मी ठेवली होती, वर्ना. चुकली नव्हती.” मी कारण विचारले. “हाताला बरं वाटलं नाही,” तू म्हणालीस. हे कारण होत नाही, असे मी म्हणाले. तू गाडीच्या किल्ल्या बोटाभोवती फिरवत राहिलीस आणि शेवटी म्हणालीस, “मग असेल बाई तुझंच खरं. घोडी पळतेय ना.” तुझ्यासाठी कापलेला ॲपल पायचा तुकडा तसाच बशीत टाकून गेलीस. मी मनात ती तुझी माघार म्हणून नोंदवली. प्रतिपक्ष थकला म्हणजे पक्ष सिद्ध झाला, असे मानणाऱ्या मुलींना मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवताना नापास करत असे. तुझाही दोष सांगते, कारण एकतर्फी कैफियत मला लिहिता येत नाही: तू भांडत नाहीस. तुझ्या हातांना जे कळते, त्याच्यासाठी तुझी जीभ कधी उभीच राहत नाही.

आता तुला ठाऊक नसलेले. गेल्या आठवड्यात जूनबेरी उड्यांच्या मैदानातून तीन पायांवर परत आली. घोड्यांची डॉक्टर हॅगन हिने सोनोग्राफीचे यंत्र लावून पाहिले: मागच्या डाव्या पायात, ढोपराखाली, लिगामेंट फाटले आहे. दुखापत जुनी, फाटणे नवे. मी घोडीचे तोंड धरून उभी होते. “कंबर कुणी मोकळी केली?” तिने विचारले. “मी,” म्हणाले. ती रागावली नाही. रागावली असती तर उत्तर देता आले असते. “त्या कमरेच्या जोरावर ती पाय सांभाळत होती, वर्ना. कुबडी काढून घेतलीस तू तिची.” मग न्यायाने वागून पुढे म्हणाली, की खरे तर घोडीला उड्याच मारायला लावायला नको होत्या. ओरिनने टोपी काढली. “लिओटानं सांगितलं होतं,” तो म्हणाला. “मीच ऐकलं नाही.” त्या माणसाला इतक्या थोडक्यात बोलताना मी प्रथमच ऐकले.

घोडी वाचेल. बराच काळ तिला नुसते हाताने धरून चालवावे लागेल. पुन्हा उडी मारेल की नाही, ते डॉ. हॅगनही सांगत नाही. पण माझे साध्य सिद्ध झाले. त्या वेळी जूनबेरी लंगडत नव्हती. दुडक्या चालीत मला काही दिसले नाही, ओरिनला दिसले नाही. तुझ्या हाताला गाठ तर लागलीच, पण ती कशासाठी आहे, तेही लागले. हा योगायोग होता, असा आक्षेप तू घेशीलच. हॅरड्सबर्गच्या प्रदर्शनातला तो करडा घोडा आठव. तू डावीकडे, मी उजवीकडे, आणि बिस्किटांवरची ग्रेव्ही कुणाच्या आईची चांगली, यावर आपले जुंपलेले. मध्येच तू माझे मनगट धरलेस: “तिथं थांब गं. ते त्याचं त्याला सोडू दे.” मी थांबले. त्याने आपणहून अंग सैल सोडले. माझे हात सोडवायला शिकले, लिओटा. राहू द्यायला तुझेच शिकले. एकाच घोड्याच्या दोन बाजूंना आपण उभ्या राहायचो, तेव्हा दोन्ही गोष्टी त्याला मिळत.

आता हे का लिहिले, ते. डॉ. हॅगन म्हणते, या घोडीला हात लावायचा तर कुठे लावायचा नाही हे जिला कळते तिनेच लावावा. ओरिनने निरोप माझ्यामार्फत धाडायचा बेत केला होता. मी त्याला म्हटले, स्वतःच्या पायांनी जा. रविवारी चर्चनंतर तो तुझ्या दारी येईल. त्याला जरा उभा ठेव. तू हो म्हणालीस, तर मी उजवीकडे उभी राहीन आणि तू सांगशील तिथे थांबेन. नाही म्हणालीस, तरी माझी तक्रार नाही. फुले आवडतात म्हणून जात असशील, तर जरूर जा. पण ‘राहून गेली असेल’ या माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवून जाऊ नकोस. ते वाक्य खोटे होते.

गाठ सोडवल्याबद्दल मी माफी मागत नाही. तुझ्याखेरीज आपल्या धंद्यातल्या कुणीही ती शुद्ध बुद्धीने सोडवली असती. माझी चूक त्याआधीची आहे. दुसरीने हाताळलेल्या घोड्याला हात लावण्यापूर्वी तिला फोन करायचा, हा आपल्या धंद्यातला न लिहिलेला एकमेव नियम. फोन माझ्या खिशात होता. पुढचे शब्द मी काल तबेल्यात ओरिन, डॉ. हॅगन आणि नालबंदासमोर म्हणून दाखवले. इथे सही करून देते.

जूनबेरीला हात लावण्यापूर्वी मी लिओटा फ्यूगेटला विचारले नाही. कारण एकदा तरी ती चुकलेली मला हवी होती.

तुझीच,
वर्ना स्टॅम्पर