नानांच्या मांडीखालचा रिमोट

गुरुवार, संध्याकाळ

जिंकले! भाजी शिजतेय तोवर लिहून टाकते, नाहीतर पोटात राहायचं नाही.

लग्न झाल्यापासून टीव्हीचा रिमोट सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या, मांडीखाली. माझ्या मालिकेच्या वेळेलाच त्यांना बातम्या हव्यात. वर, "कसली ती रडारड!" हेही ऐकवणार. म्हणून मी मोबाइलवर बघते. तिथे भाग आधीच येतो, आणि अंबडच्या कारखान्यातून परतताना बस द्वारका चौकातल्या गर्दीत अडकते तेवढ्यात बघून होतो. मग स्वयंपाक करता करता सासूबाईंना सगळं सांगायचं, हा रोजचा नेम.

आज सासूबाई भजनाला गेलेल्या. मी गप्प भाकऱ्या थापत होते. बाहेर बातम्या चालू, पण आवाज बंद. रोज याच वेळी बंद असतो की! इतके दिवस कसं लक्षात आलं नाही माझ्या?

नाना स्वयंपाकघराच्या दारात आले. घसा खाकरला.

"काय गं, गेली का ती शेवटी घर सोडून?"

म्हणजे रोज कान इकडेच! हसू कसंबसं दाबलं आणि पिठाचा हात पुढे केला.

"सांगते ना. आधी रिमोट."

गेले, आणि मुकाट्याने आणून दिला! मांडीखालची ऊब अजून होती त्याला. "हिला सांगू नकोस," एवढंच म्हणाले.

रिमोट आता माझ्या डब्यांच्या फळीवर आहे. आणि ती गेली का? मला तरी कुठे ठाऊक! तिचा पाय उंबरठ्यावर असतानाच आजचा भाग संपला. म्हटलं, "उद्या बघू, नाना. टीव्हीवर. आवाज मोठा करून."