मोटारीचं फौंडेशन बदलल्याची हकीकत

देगलूर,
एप्रिल १९८३

ती. लिंबाजी दाजींना रामकिशनचा सप्रेम जय भीम.

तुमची कंबर आता कशी आहे? आक्काचा खोकला गेला का? लातूर जिल्ह्याचं ठिकाण झालं, त्याबद्दल तुमचं अभिनंदन करायचं राहूनच गेलं. (घरातून न हलता जिल्ह्याच्या गावी राहायला जाणं आम्हा देगलूरकरांना कुठलं जमणार?) इकडं पाण्याचे लई हाल आहेत. आडानं तळ दाखवलाय, टँकर येतो तेव्हा येतो. त्याच आडावर माय घसरली आणि तिचा खुबा मोडला, ते तुम्हाला ठाऊकच आहे. हाड जुळलं, पण धक्का बसता कामा नये असं डॉक्टर म्हणतात. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन तर तिला लातूरलाच करायचंय, कारण तिथं तिची लेक, आपली आक्का, आहे. एस.टी.त घालून आणली तर डोळे नीट होतील, पण माय तुकड्यातुकड्यांनी पोचेल. म्हणून मी ठरवलं, आपल्याच मोटारीतून आणायची. (मोटार म्हणजे आमच्या डॉक्टरसाहेबांनी गाव सोडताना मला, त्यांच्या कंपाउंडरला, देऊन टाकलेली ती जुनी लँडमास्टर. तुम्ही तिला 'पेटी' म्हणता, ते माझ्या कानावर आलंय.)

आता अडचण अशी, की इंजिन ज्या रबरी ठोकळ्यांवर बसतं (मिस्त्री लोक त्याला फौंडेशन म्हणतात), ते ठोकळे पार झिजले होते. मोटार सुरू केली की काचा, दारं आणि आत बसणाऱ्याचे दात एकदमच वाजायचे. नांदेडला जाऊन नवं फौंडेशन आणलं. दुकानदार म्हणाला, जुन्या गाडीचं आता येत नाही, नव्या गाडीचं न्या, थोडं जुळवून घ्यावं लागेल. त्या 'थोडं'मध्ये माझा सगळा उन्हाळा चाललाय.

नव्याची भोकं जुन्या भोकांपासून बोटभर लांब. मडिवाळप्पा वेल्डिंगवाला (मूळचा औरादचा, अर्धं कानडीत बोलतो) बघून म्हणाला, "आगल्ल, रामकिशन." म्हणजे होणार नाही. मी म्हणालो, झालं पाहिजे. तो परत "आगल्ल" म्हणाला आणि लोखंड शोधायला उठला. जाड पट्टी कापली, एकीकडं जुनी भोकं पाडली, दुसरीकडं नवी, आणि ती मधे घालून इंजिन बसवलं. छान बसलं, फक्त इतकं उंच, की बॉनेट लागेना. आमची कारभारीण सिंधू म्हणाली, बॉनेट काढूनच ठेवा, त्याच्यावर पापड वाळवते. पट्टी भट्टीत लाल केली, पायरीसारखी वाकवली. आता इंजिन खाली आलं, पण एका अंगानं जास्त, आणि पंखा रेडिएटरला घासायला लागला. मडिवाळप्पानं दुसरी पट्टी भट्टीत टाकली.

शेवटी इंजिन सरळ बसलं. खात्री करायला मागच्या सीटवर पाण्यानं भरलेली घागर ठेवायची, असं मी ठरवलं. सिंधू घागर देईना. टँकरचं पाणी सांडलं तर आंघोळ कुणाची बुडणार, हा तिचा सवाल. माझी, असं कबूल केल्यावर मिळाली. बसस्टँडला वळसा घालून आलो, तर ओंजळभर सांडलं होतं. (तेवढंही तिनं माझ्या आंघोळीतून कापून घेतलं.) मग त्याच सीटवर मायला निजवून फिरवलं. वाटेत विचारलं, दुखतंय का? ती बोलेना. घाबरून गाडी कडेला घेतली आणि वाकून बघितलं, तर झोपली होती. खुबा मोडल्यापासून तिला इतकी गाढ झोपलेली मी बघितली नव्हती. इंजिन बंद करायला हात होईना. तसंच चालू ठेवून, लिंबाच्या सावलीत, पेट्रोल जळू दिलं.

येत्या रविवारी उजाडताच निघतो, उदगीरवरून.

आपला,
रामकिशन

ता. क. : इंजिन खाली आल्यानं गिअरचा दांडा अडतो आणि रिवर्स पडत नाही. तुमच्या गल्लीच्या पलीकडच्या तोंडाशी वीरभद्र शेजाऱ्यांनी कडब्याची गंजी रचलीय, ती तेवढी रविवारी हलवायला लावा. एकीकडून आत येतो, दुसरीकडून बाहेर पडतो.

आणखी एक : गाडी मागं जात नाही, तरी येतीस का, असं मायला विचारलं. म्हणाली, "मला कुठं माघारी यायचंय? लेकीकडं नळ हाय. पाऊस पडंपर्यंत तिथंच ऱ्हाते." तिची खाट दाराजवळ टाका, म्हणजे डोळ्याची पट्टी सुटल्यावर उजेडात आक्काचं तोंड नीट दिसेल. माय पावसापर्यंत राहणार, हे आक्काला तुम्हीच सांगा. माझ्यावर ती आधी रागावते आणि मग ऐकते.